न दचकणारी

त्या घरात कोणी कोणाला हाक मारून उठवत नसे. झोपलेल्याच्या पायाच्या अंगठ्याला हलकेच हात लावायचा, तो आपणहून डोळे उघडेपर्यंत थांबायचं आणि मगच बोलायचं. दाराला घंटी नव्हती. बाहेरची दोरी ओढली की आतल्या खिडकीतला पांढरा फडका हलत असे. फोन कायमचा मुका. कपाटांच्या दारांना आतून जाड कापडाच्या पट्ट्या, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या. गजराचं घड्याळ घरात आणणं म्हणजे विस्तव पदरात बांधून आणणं, असं आई म्हणायची. नव्या माणसाला वाटे, आत कोणीतरी आजारी आहे. आजारी कोणीच नव्हतं. त्या घरात मरायचे ते धडधाकट.

आजोबा गिरणीच्या भोंग्याने गेले. दुपारचे पडले होते, भोंगा झाला, उठून बसले आणि बसल्या जागी कलंडले. आत्या टेलिफोनच्या घंटीने गेली. वडील गजराने, त्या सकाळी गजर बंद करायला त्यांचा हात पुढे आला तो घड्याळापर्यंत पोचलाच नाही. आई शेजारीच होती. डॉक्टरांनी दर वेळी 'हृदय बंद पडून' असं सांगितलं, जे मेलेल्या कोणाबद्दलही सांगता येतं. घराने मग आपल्यापुरतं नाव ठेवलं: दचका. अमुक दचक्याने गेला, असं सर्दी-पडशाबद्दल बोलावं तसं बोलत.

दचका कोणाच्या अंगात आहे हे ओळखायची परीक्षाही घरचीच. ती आजीने काढली आणि आईने चालवली. मूल चार शब्द बोलायला लागलं की त्याला पाठमोरं बसवायचं, हातात काहीतरी खेळायला द्यायचं आणि मागून मोठ्या पातेल्याचं झाकण फरशीवर टाकायचं. जे हललं ते 'आपल्यातलं'. जे हललं नाही ते 'सुटलं'.

थोरली उडाली, किंचाळली आणि टेबलाखाली शिरून बसली. तिला बाहेर काढायला अर्धी दुपार गेली. त्या दिवसापासून तिचं नाव दचकी पडलं, आणि असं पडलं की खरं नाव फक्त दवाखान्यात पुकारलं जाई, तेव्हा तिला स्वतःलाच ओळखायला क्षणभर लागे. धाकटीची पाळी आली तेव्हा झाकण पडलं, गरगर फिरलं, थांबलं. धाकटीने मागे वळून पाहिलं, ते उचललं आणि डोक्यावर घालून हसली. ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगत. आई हसता हसता डोळे पुसायची. एक तरी सुटली.

दचकीची शाळा घरीच झाली, कारण शाळेला घंटा असते. काम तिने रफूचं धरलं. भारी कोट, शाली, कोणाचे तरी लग्नातले कपडे. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचेच धागे उपसायचे आणि भिंगाखाली उभा-आडवा पोत परत विणायचा. सुई आवाज करत नाही, म्हणून आईला ते काम पसंत होतं. एक स्थळ आलं होतं. मुलगा समंजस, नोकरी चांगली, पण घर रस्त्याला लागून. "गाड्यांचे हॉर्न असतील," आई म्हणाली आणि विषय मिटला. दचकीने 'का' विचारलं नाही. आपल्या जिवापेक्षा नवरा मोठा नाही, एवढं तिलाही कळत होतं. पुढे केस पिकू लागले तेव्हा ती काळी शाल रफू करायला घ्यायची नाही, डोळे दुखतात म्हणून. बाकी तिची तक्रार नव्हती.

धाकटी मात्र ढोल बडवल्यासारखी जगली. पोहली, सायकलवरून पडली, मैत्रिणींबरोबर रात्र रात्र हुंदडली. लग्नही केलं ते मंडईत लिलाव पुकारणाऱ्याशी. त्याचा आवाज असा की तो कानात कुजबुजला तरी शेजारची खिडकी उघडे. सासुरवाडीला आला की तो बिचारा घसा आवळून बोलायचा.

"सासूबाई, तुमच्याकडे आलं की मला चोरी करायला आल्यासारखं वाटतं," तो म्हणायचा.

"हळू बोला, जावईबापू."

"हळूच बोलतोय की! याच्या खाली माझा आवाज बनवलेलाच नाही."

त्यांचं घर मंडईच्या वरच्या मजल्यावर. दाराची बेल कोंबड्यासारखी आरवायची. ती धाकटीनेच हौसेने लावली होती.

पुढे धाकटीला मुलगी झाली. आणि ती ओली बाळंतीण असतानाच आतेभाऊ गेला. कामासाठी परगावी गेला होता, सकाळी लवकर उठवा म्हणून हॉटेलवाल्याला सांगून झोपला. हॉटेलवाल्याने खोलीत फोन केला. बस, तेवढंच. पण या वेळी त्या गावच्या इस्पितळातली डॉक्टर 'हृदय बंद पडून' एवढ्यावर थांबली नाही. तिने आतेभावाचं रक्त तपासायला पाठवलं, घरात आणखी कोण कोण असे गेले ते विचारलं आणि मग सगळ्यांचंच रक्त मागवलं.

निकाल सांगायला तिने तिघींना एकत्र बोलावलं. लिलाववाला बाळाला घेऊन बाहेर बसला. डॉक्टर तरुण होती, केस बारीक कापलेले, बोलणं सरळ. आईकडे बघून तिने सुरुवात केली.

"हृदयाच्या पेशींच्या भिंतीला बारीक दारं असतात. ठोका पडला की त्या दारांतून पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी निवते, पुढच्या ठोक्याला तयार होते. ही दारं बनवायची कृती एका जनुकात असते. केसीएनएच-टू म्हणतात त्याला. त्याची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. तुमच्या यजमानांच्या घराण्यात त्यातल्या एका प्रतीत चूक आहे. एका अक्षराची."

"एका अक्षराने माणूस मरतो?" आई म्हणाली.

"एका दाराला चार फळ्या लागतात. त्यातली एक वाकडी असली तरी दार अडतं. आणि यांच्या अंगात निम्म्या फळ्या वाकड्याच तयार होतात. मग पेशी निवायला वेळ लागतो. रोजच्या चालीत ते खपून जातं. पण झोपेत अचानक आवाज आला, तर अंगात एकदम जोर उसळतो आणि आधीचा ठोका पुरता निवायच्या आत पुढचा येऊन आदळतो. तिथे गुंता होतो. हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही."

"म्हणजे दचकाच की."

"दचकण्याशी संबंध नाही, आजी. दचकणं हे मेंदूचं, स्वभावाचं. सगळेच दचकतात, कोणी जास्त, कोणी कमी." डॉक्टरने कागदावरचं खरं नाव घेऊन थोरलीकडे पाहिलं. "तुमच्यात ही चूक नाही. तुमचं हृदय अगदी चांगलं आहे." मग धाकटीकडे. "तुमच्यात आहे."

धाकटी हसली. खरंखुरं हसली. "माझ्यात? अहो, माझ्या उशाशी नवरा भाव पुकारतो झोपेत!"

"आजवर निभावलं. पण बाळंतपणानंतरचे महिने या आजारात सगळ्यात वाईट. आजपासून गोळी घ्यायची. चुकवायची नाही. बाळाला पाजलं तरी चालेल. रात्रीचं बाळ दुसऱ्याने बघायचं, बेल काढायची, आणि तुमच्या छातीत एक यंत्र बसवायचं का, ते पुढच्या भेटीत ठरवू."

खोलीत कोणीतरी दचकीचं खरं नाव घेऊन तिच्याबद्दल बोलत होतं, आणि ते नाव आपलं आहे हे तिला पुन्हा एकदा उशिरा कळलं.

घरी येईपर्यंत आईने निकाल लावून टाकला होता.

"नळ्या बदलल्या."

"कसल्या नळ्या?" लिलाववाल्याने विचारलं.

"रक्ताच्या. एक बाप, एक आडनाव, दोघींच्या नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या असणार. हिच्या नावाची चिठ्ठी तिच्या नळीला. मी काय आज बघतेय या पोरींना? ही पाल पडली तरी थरथरते, आणि ती झाकण डोक्यावर घालून नाचली होती."

"डॉक्टर म्हणाली ना, दचकण्याशी..."

"डॉक्टर काल आली. माझा नवरा माझ्या शेजारी गेलाय."

डॉक्टरने फोनवर सांगितलं की शंका असेल तर दोघींचं रक्त पुन्हा घेऊ, पण तोवर गोळी थांबवू नका. रक्त पुन्हा दिलं. गोळी मात्र धाकटीने चार दिवसांतच सोडली. अंग जड होतं, डोकं गरगरतं, आणि त्यात आई म्हणाली, दूध आटेल. धाकटीला निमित्तच हवं होतं. आईने ती बाटली उचलली, आपल्या घरी आणली आणि सकाळी चहाबरोबर एक गोळी दचकीच्या तळहातावर ठेवली.

"घे. ज्याची त्याला."

दचकीने ती घेतली.

आई सांगते ते ऐकायची सवय, हे खरंच. पण तेवढंच नव्हतं, आणि हे तिला पहिल्या गोळीपासून ठाऊक होतं. गोळीने तिचे हात गार पडू लागले, जिना चढताना पाय भरून येऊ लागले, नाडी मंदावली, आणि या सगळ्याने तिला बरं वाटत होतं. नळ्या बदलल्या असतील तर सगळं जिथल्या तिथे होतं. घरी झालेली शाळा, परत गेलेलं स्थळ, खिडकीतला फडका, सुई. एका आजाराची किंमत म्हणून ती हे सगळं इतकी वर्षं देत आली होती. आजारच नसेल तर मग ते सगळं कशाबद्दल दिलं? हा विचार मनात आला की ती भिंग डोळ्याला लावून कामाला बसे. गोळी गिळली की विचार येत नसे.

दुसरा निकाल यायचा होता. आईकडे बाळंतिणीची उस्तवार करायची ताकद नव्हती, म्हणून दचकी रोज दुपारी बहिणीकडे जाऊ लागली. बाळाचे कपडे, दुधाच्या वाट्या, वरण-भातासारखं साधं काहीतरी शिजवून ठेवणं. धाकटी आनंदात होती.

"ताई, तू हिला घेतेस ना तेव्हा ती तुझ्यासारखीच गप्प होते बघ. माझ्याकडे आली की लिलाव सुरू. बापावर गेलीये."

"तू जरा पड. डोळे बघ कसे खोल गेलेत."

"पडते. पण बेल वाजली की तू टेबलाखाली जाऊ नकोस हं!"

त्या दुपारी धाकटी खुर्चीतच झोपली. बाळ दचकीच्या मांडीवर. दारावरचा कोंबडा आरवला. कोणीतरी पार्सल घेऊन आलं होतं. दचकी दचकली, नेहमीसारखीच, बाळाला छातीशी धरून. आणि तिने पाहिलं की धाकटीने डोळे उघडले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मान एका बाजूला टाकली. डोळे उघडेच, पण आत कोणी नाही. दचकीने बाळाला खाली ठेवून तिच्या मानेवर बोटं टेकवली. काही लागलं नाही. मग मुठीत पाखरू धरल्यासारखी एक फडफड. मग पुन्हा काही नाही. ती ओरडू शकली असती; दाराबाहेर माणूस उभा होता. तिने तोंड उघडलं, पण गळ्यातून काही निघेना. ओरडायची त्या गळ्याला कधी सवयच नव्हती.

मग बोटांखाली एक ठोका आला. दुसरा. धाकटीच्या ओठांवर रंग परतला. तिने डोळे मिचकावले.

"काय गं? काय झालं?"

दचकीच्या तोंडून निघालं, "काही नाही. डोळा लागला होता तुझा."

हे आपण का म्हणालो, याचं उत्तर तिला जिना उतरतानाच मिळालं होतं. 'तुझं हृदय थांबलं होतं' असं म्हटलं असतं तर त्याच वाक्यात 'माझ्यात काही नाही' हेही म्हणावं लागलं असतं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. आईला आधी तयार करू, मग सांगू. बाटली परत नेऊ. दुसऱ्या दिवशी ती जाताना बाटली पिशवीत टाकायला वळली, तर आई तिच्या तळहातावर गोळी ठेवत होती. तिने गिळली. परवा सांगू.

धाकटी गेली ती त्याच आठवड्याच्या शेवटी, भर दुपारी. मंडई लवकर उठली होती. लिलाववाला जिन्यावरूनच हाक मारत वर आला, नेहमीसारखी, "अहो बाईसाहेब, कोणी आहे का घरात?" आतल्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं. धाकटी बाळाच्या शेजारीच झोपली होती. ती उठून बसली, बाळाकडे हात नेला आणि त्याच्या बाजूला पडली. दचकी स्वयंपाकघरात होती. ती आली तेव्हा लिलाववाला बायकोला गदागदा हलवत होता. मग तो छाती दाबू लागला, कुठेतरी बघितलं होतं तसं. खालचे दुकानदार वर आले. गाडी यायला वेळ लागला. या वेळी बोटांखाली फडफडही लागली नाही.

दुसरा निकाल त्यानंतर आला. पहिल्यासारखाच. नळ्या कोणी बदलल्या नव्हत्या. बाळाचंही रक्त घेतलं; तेही धाकटीवर गेलं होतं. डॉक्टरने बाळासाठी थेंबांचं औषध दिलं, ते सकाळ-संध्याकाळ मोजून पाजायचं होतं. दचकी बाळापाशी राहायला गेली. आई तिच्या घरी एकटी राहिली. ती कोणाशी बोलत नसे. सकाळी थोरली भेटायला आली की चहाबरोबर गोळीची बाटली मात्र पुढे सरकवत असे, आणि दचकी ती नुसती मुठीत घेऊन परत ठेवत असे. आई बघत असे आणि बघितलं नाही असं करत असे.

लिलाववाला मंडईत जाईना. गेला तरी पुकारायला उभा राहत नसे. त्याच्या जागी दुसरा पुकारू लागला. घरात तो ओठ हलवून बोलायचा. कोंबडा त्याने पहिल्याच दिवशी स्क्रूसकट उपटून टाकला होता.

एका संध्याकाळी दचकी बाळाला थेंब पाजत होती. तो समोर जमिनीवर बसला होता.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"माझ्या हाकेनेच गेली ना ती?"

दचकीने बाळाचे ओठ फडक्याने टिपले. 'नाही हो' असं म्हणून उठता आलं असतं. किंवा काहीच न बोलता. गप्प राहणं तिला जन्माचं येत होतं, आणि तो ते होकार म्हणून आयुष्यभर बाळगत बसला असता.

"हाक तुम्ही रोजच मारत होतात," ती म्हणाली. "बेलही रोज वाजत होती."

"मग?"

"गोळी चालू असती तर बहुतेक निभावलं असतं."

"ती तिनेच सोडली. मी म्हणत होतो..."

"तिने सोडली तेव्हा तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं." ती थांबली, आवाज उगाच खाली जात होता, तो तिने परत वर आणला. "त्या आठवड्यात बेल वाजली तेव्हा तिचं हृदय थांबलं होतं. माझ्या बोटांखाली. मग आपोआप सुरू झालं. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डोळा लागला होता."

लिलाववाल्याने मान वर केली. बाळाने एक जांभई दिली.

"आणि गोळ्या?"

"त्या मी खात होते."

"तुम्हाला कशाला?"

"मला तो आजार हवा होता."

त्याला हे कळलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून समजेना. तो लिलावात बोली लावणाऱ्याकडे बघतात तसा तिच्याकडे बघत राहिला, शेवटचा आकडा आला की नाही याची खात्री करत.

"आता तुमचं हृदय कसं आहे, ताई?"

"चांगलं आहे."

तो उठला. तिच्या मांडीवरून बाळाला घेतलं, मान सांभाळून, सवय नसलेल्या हाताने. मग फळीवरची थेंबांची बाटली उचलली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरचं बटण लावलं.

"उद्यापासून औषध मी पाजीन," तो म्हणाला. बाळ जागं होणार नाही इतक्या हळू.